नकाशा आणि लहान मूल



सहा वर्षांच्या मुलाला नकाशा कळत नाही, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. आणि ती अगदीच निराधार नाही. झाँ पियाजे व बार्बेल इन्हेल्डर या स्विस मानसशास्त्रज्ञांच्या १९४८ सालच्या ग्रंथात तीन डोंगरांचा एक प्रयोग आहे. टेबलावर तीन लुटुपुटूचे डोंगर मांडले. पलीकडच्या बाहुलीला ते कसे दिसत असतील, असे विचारले, की लहान मुले स्वतःला दिसणारेच चित्र निवडीत. ज्याला पलीकडून पाहता येत नाही, त्याला आकाशातून काय दिसणार, असे मग पुष्कळांनी धरून टाकले.

आम्हाला ही घाई वाटते. १९७० साली अमेरिकेतील भूगोलज्ञ ब्लाउट आणि त्यांचे सहकारी यांनी प्युर्टो रिको बेटावरच्या आणि मॅसॅच्युसेट्समधल्या शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांपुढे विमानातून घेतलेली छायाचित्रे ठेवली. नकाशा त्यांना कोणी शिकवला नव्हता. तरी त्यांनी घरे ओळखली, रस्ते ओळखले. २००६ साली अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील मुंडुरुकू लोकांची परीक्षा प्रसिद्ध झाली. जमिनीवर त्रिकोणात मांडलेल्या तीन डब्यांपैकी कोणत्यात वस्तू लपवली आहे, हे कागदावरील खुणेवरून सांगायचे. शाळेचा फारसा वारा न लागलेली मुलेसुद्धा नुसत्या अंदाजाने जमेल त्याहून कितीतरी अधिक वेळा बरोबर डबा दाखवीत.

मग घोडे अडते कुठे? खुणांपाशी. लिन लायबन आणि रॉजर डाउन्स या अमेरिकन संशोधकांना असे मूल भेटले, की नकाशावर रस्ता तांबडा म्हणून खरा रस्ताही त्याला तांबडाच वाटे. दुसरे म्हणाले, ही रेघ रस्ता असूच शकत नाही, हिच्यावर दोन मोटारी कुठे मावतात? हसू येते खरे. पण त्या पोराचा तर्क बिनचूक आहे! अंतर आणि दिशा धरायची, रंग आणि रुंदी सोडायची, हा मोठ्यांचा आपसातला करार. तो मुलाला सांगितला कोणी?

आणि आपण काय करतो? नकाशा भिंतीवर टांगतो. उत्तर म्हणजे ‘वर’, आढ्याकडे! मग नाईल नदी उत्तरेकडे वाहते म्हटल्यावर, पाणी चढते कसे, असे एखाद्याने विचारले तर मास्तरांनी रागावू नये. नकाशा खाली उतरवावा, खऱ्या उत्तरेशी जुळवून जमिनीवर पसरावा. त्याच्याही आधी पाटीवर वर्गाची चौकट काढावी, दार कुठे ते मुलालाच दाखवू द्यावे, एका कोपऱ्यात फुली मारावी, आणि त्या जागी लपवलेला खडू शोधायला त्याला पाठवावे.