पेशीचे मरण आणि त्याचे मूक नियंत्रक

पेशीचे मरण म्हणजे सदैव हानीच, असे नव्हे. गर्भावस्थेत हाताची बोटे सुटी होतात, ती त्यांच्यामधील पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणूनच. अशा नियोजित मरणाला केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. झाडाची पाने गळणे, हा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ.

कर्करोगाची पेशी हे मरण टाळते. दीर्घकालीन लिंफोसाइटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात विशिष्ट पांढऱ्या पेशी वेळेवर मरत नाहीत आणि शरीरात साचत जातात. त्यांना तगवून धरणारे प्रथिन म्हणजे बीसीएल-२. ते या पेशींत इतके का साठते?

निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रोगट पेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा गहाळ असतो. त्या तुकड्यात प्रथिन घडविणारे एखादे जनुक असावे, या समजुतीने संशोधकांनी दीर्घकाळ शोध घेतला. पण तो निष्फळ ठरला. अखेर २००२ साली कॅलिन, क्रोची व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, तेथे दोन सूक्ष्म आरएनएंची जनुके असतात. हे आरएनए जेमतेम बावीस दुव्यांचे असून त्यांच्यापासून कोणतेही प्रथिन बनत नाही. ते बीसीएल-२ च्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्या प्रथिनाचे उत्पादन रोखतात, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. नियंत्रकच हरपला, की प्रथिन साठते आणि पेशीचे मरण लांबते. २०१० साली उंदरांमधून हा भाग काढून टाकला असता त्यांतील काहींना तशाच प्रकारचा रोग जडला.

मात्र सर्वच सूक्ष्म आरएनए असे हितकारक नसतात. एमआयआर-२१ अनेक अर्बुदांत वाढलेला आढळतो व तो पेशीला मरणापासून वाचवितो.

या ज्ञानाचा रुग्णाला उपयोग कोणता? बीसीएल-२ ला थेट अडविणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत मान्य झाले. याउलट, एमआयआर-३४ या सूक्ष्म आरएनएची प्रतिकृती औषध म्हणून देण्याची चाचणी त्याच वर्षी थांबवावी लागली. काही रुग्णांत रोगप्रतिकार यंत्रणेची तीव्र प्रतिक्रिया उद्भवली होती.

पहिला सूक्ष्म आरएनए १९९३ साली एका क्षुद्र गोलकृमीत सापडला. त्या शोधाबद्दल ॲम्ब्रोस व रुवकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक लाभले. प्रथिन घडवीत नाही, म्हणून जे एके काळी निरर्थक मानले गेले, त्याच्याच अभावी पेशी मरणे विसरते, हा या कथेचा बोध आहे.