कंबर, वेचणी आणि मेडिकलची गोळी

(सेलू, जि. वर्धा येथील महिला बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हा विषय तुमच्यातूनच आला. वेचणीच्या दिवसांत घरोघर एकच वाक्य ऐकू येतं, “गोई घेतली का कंबर ढिली होते, ताई, मंग काम होते.” कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं आणि मजुरी किलोवर. ज्या दिवशी उसण भरते त्या दिवशीची मजुरी बुडते. म्हणून बाई मेडिकलमध्ये जाते आणि “कंबरदुखीची द्या” म्हणते. तिला दोन-चार गोळ्या कापून मिळतात. या औषधांच्या पाकिटावर ‘आरएक्स’ छापलेलं असतं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. गोळ्या सुट्या कापल्या की ते अक्षरही जातं आणि औषधाचं नावही.

त्या एका गोळीत बहुधा दोन-तीन औषधं असतात. असेक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉल दुखण्यासाठी, आणि जोडीला थायोकॉल्चिकोसाइड, क्लोरझोक्साझोन किंवा टिझानिडीन, म्हणजे स्नायू ढिले करणारं औषध. ही औषधं कमरेच्या स्नायूवर थेट काम करत नाहीत, मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूवर करतात. म्हणूनच गुंगी येते. गोळी घेऊन विळा चालवणं किंवा विहिरीच्या काठावर उभं राहणं धोक्याचं आहे. वरून दारू घेतली तर आणखीच.

ही औषधं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मणक्याला मार लागून किंवा लकव्याने हातपाय ताठरलेल्या माणसाला, सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला बॅक्लोफेनने खरंच आराम पडतो. ते मात्र एकदम बंद करायचं नाही, झटके येऊ शकतात. साध्या कंबरदुखीचं काय? २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ३१ चाचण्यांचा आढावा आला. पहिल्या दोन आठवड्यांत शंभरातलं सात-आठ गुण दुखणं कमी होत असेल, तेही खात्रीचं नाही, असा त्याचा निष्कर्ष. चार दिवसांच्या उपायाला आपण हंगामभराचा खुराक करून बसलो आहोत!

आता आपला, बायकांचा प्रश्न. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१३ साली थायोकॉल्चिकोसाइडवर बंधनं घातली. तोंडाने सात दिवसांच्या वर नाही. गरोदर बाईला नाही, दूध पाजणारीला नाही, आणि मूल होऊ शकतं पण गर्भनिरोधक वापरत नाही अशा कोणत्याही बाईला नाही. कारण हे औषध शरीरात मोडून जो पदार्थ तयार होतो, तो वाढणाऱ्या पेशींतल्या गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, असं प्रयोगांत दिसलं. आपल्याकडे हेच औषध सर्रास मिळतं. पाळी चुकली आहे का, अंगावर पाजतेस का, हे तुम्हाला काउंटरवर कधी कोणी विचारलं? नसबंदी झालेल्या बाईला गर्भाचा धोका उरत नाही, पण लग्न होऊन वर्षही न झालेली सून त्याच रांगेत उभी असते. तिने गोळी घेतली आणि मग दिवस गेल्याचं कळलं, तर घाबरून गर्भपाताकडे धावू नका. डॉक्टरला औषधाचं नाव सांगा, सोनोग्राफी करा, मग ठरवा. आणि ठरवायचं तिने, सासूने नाही.

टिझानिडीनची गोष्ट वेगळी. त्याने रक्तदाब उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. गर्भनिरोधक गोळ्या, आपल्या माला-एनसारख्या, चालू असतील तर ते अंगात जास्त साठतं. सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर तर घ्यायचंच नाही. आणि लघवीच्या जळजळीला हेच सिप्रोफ्लॉक्सासिन बायकांना किती वेळा दिलं जातं!

कॅरिसोप्रोडॉलची सवय लागते. ते टॅपेंटाडॉलशी मिसळून मुंबईच्या एव्हिओ फार्मास्युटिकल्स कंपनीने पश्चिम आफ्रिकेत पाठवलेल्या गोळ्या तिथे नशेसाठी विकल्या जात होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने हे उघड केल्यावर सरकारला या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवावी लागली. तोवर हा कारभार बिनबोभाट चालला होता.

१९८० च्या दशकात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जास्त मात्रेच्या औषधांवर स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते लढले, १९८८ मध्ये बंदी आली. इथे माझी मागणी बंदीची नाही. गोळी देणाऱ्याने विचारावं आणि सांगावं, एवढीच आहे.

आणखी एक. बाईची कंबर नुसत्या वाकण्याने दुखत नाही. अंग बाहेर येतं, ओटीपोटात सूज असते, मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग असतो. लाज वाटते म्हणून बाई “कंबर दुखते” एवढंच सांगते, आणि गोळी ते दुखणं झाकून ठेवते. पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर घरी थांबू नका, त्याच दिवशी सेवाग्रामला जा.

पुढच्या महिन्यात सरकारी दवाखान्यात निवेदन द्यायचं आहे. दोन मागण्या ठरल्या आहेत: चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि किती दिवस घ्यायचं ते मराठीत लिहावं, आणि कंबरदुखी सांगणाऱ्या बाईची आडोशाला नेऊन नीट तपासणी व्हावी. मेडिकलवाल्यांशी वेगळं बोलावं लागेल. त्यासाठी वेचणी सुरू व्हायच्या आधीची तारीख तुम्हीच सांगा, नंतर कोणाला सवड मिळणार नाही.