परदेशस्थ मुलांची नोकरी आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वडगाव रासाई येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. पारितोषिके स्वीकारताना कित्येकांनी पुढे अमेरिकेस जाण्याचा मनोदय बोलून दाखविला. भीमेच्या काठी, उसाच्या फडांशेजारी वाढलेल्या मुलांनी एवढी मोठी आकांक्षा धरावी, याचा आम्हा शिक्षकांस संतोषच आहे. परंतु सत्काराच्या सभेत सहसा न बोलला जाणारा एक विषय मांडण्याची आम्ही आपणाजवळ अनुज्ञा मागतो. तिकडे गेलेल्या मुलाची अथवा मुलीची नोकरी सुटली आणि कायम वास्तव्याचा परवाना, ज्यास ग्रीन कार्ड म्हणतात, तो अद्याप हाती आलेला नसला, तर त्यांनी काय करावे आणि आपण घरच्यांनी काय करावे, हा तो विषय होय.

हे भय काल्पनिक नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने ११,००० माणसे कमी केली. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने १०,००० आणि गुगलच्या मूळ कंपनीने १२,००० माणसे कमी करीत असल्याचे जाहीर केले. त्या लाटेत आपल्या देशातून गेलेली अनेक हुशार माणसेही सापडली. कामात कसूर केली म्हणून नव्हे, तर कंपनीचा हिशेब बदलला म्हणून त्यांच्या नोकऱ्या गेल्या.

नोकरी जाणे महाराष्ट्रास नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो कामगार कायमचे घरी बसले. कित्येक जण गावी परतले, भावाच्या शेतावर राबले. परंतु गिरणी सुटली म्हणून कोणास मुंबईत राहण्याची बंदी झाली नव्हती. अमेरिकेत एच-१बी परवान्यावर गेलेल्या माणसाचे मात्र राहणेच नोकरीस बांधलेले असते. २०१७ साली अमलात आलेल्या नियमाप्रमाणे नोकरी संपल्यावर त्यास जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. परवान्याची मुदत आधीच संपत असेल, तर तेवढेही दिवस मिळत नाहीत. कंपनीने निरोपाचे म्हणून चार महिन्यांचे पैसे दिले, तरी त्यामुळे दिवस वाढत नाहीत.

मग ही माणसे वर्षानुवर्षे ग्रीन कार्डासाठी का थांबतात, असे आपण विचाराल. नोकरीच्या आधारे वर्षास सुमारे १,४०,००० कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशास त्यांतील साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा सहसा मिळत नाही. आपल्या देशाचे अर्जदार अफाट, म्हणून रांग लांब. २०२५ साली दुसऱ्या श्रेणीतील भारतीयांची पाळी २०१३ सालच्या नोंदींपाशीच रेंगाळत होती.

ऊस लावणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. लागणीची नोंद कारखान्याकडे ज्या तारखेस होते, त्या तारखेप्रमाणे तोडीची पाळी येते. तिकडेही अर्जदारास अशीच नोंदीची तारीख मिळते. मात्र एक भेद आहे, आणि तोच आमच्या भाषणाचा गाभा आहे. आपली नोंद त्या कारखान्यापुरती असते. तिकडील नोंद, एकदा पक्की झाली की, माणसाबरोबर जाते.

ती पक्की केव्हा होते, ते ध्यानात घ्यावे. पहिली पायरी श्रम खात्याच्या दाखल्याची. तो दाखला मालकाच्या मागणीवर मिळतो. या पायरीवर नोकरी गेली तर सारे नव्याने आरंभावे लागते. दुसरी पायरी आय-१४० या अर्जाची. तो मंजूर झाला की तारीख पक्की झाली. पुढे मालकाने अर्ज मागे घेतला, तरी लबाडी किंवा मोठी चूक आढळल्याखेरीज ती तारीख जात नाही. नवा मालक नवे कागद करील, पण रांगेतील जागा जुनीच राहील. तिसरी पायरी आय-४८५ या शेवटच्या अर्जाची. तो दाखल होऊन १८० दिवस लोटले असतील, तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या नोकरीवर तोच अर्ज पुढे चालविता येतो. यास्तव नोकरी सुटलेल्याने पहिला प्रश्न ‘आता माझे कसे होणार’ हा नव्हे, तर ‘मी कोणत्या पायरीवर आहे’ हा विचारावा.

दुसऱ्या पायरीवरच्या माणसाने साठ दिवसांत काय करावे? नव्या मालकाने त्या मुदतीत एच-१बीचा अर्ज दाखल केला पाहिजे. मंजुरीची वाट न पाहता त्याच्याकडे काम सुरू करता येते. पती अथवा पत्नी स्वतःच्या एच-१बीवर असेल, तर आश्रिताचा परवाना मागता येतो. पाहुण्याच्या परवान्याचा अर्ज करूनही काही काळ थांबता येते, मात्र त्या काळात कामास हात लावता येत नाही. सल्ला स्वतःच्या वकिलाचा घ्यावा, कारण कंपनीचा वकील कंपनीचे हित पाहतो. पगार न देता केवळ कागदोपत्री नोकरीत दाखवितो, असे सांगणारा कोणी भेटला तर त्याच्या वाऱ्यासही उभे राहू नये. आणि नोकरी शाबूत आहे तोवरच मंजुरीच्या कागदाची प्रत मागून घ्यावी, कारण तो कागद बहुधा मालकाकडे असतो.

आता घरच्यांविषयी. आमच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी नोकरी सुटल्यावर पंचेचाळीस दिवस घरी काही बोलला नाही. इकडे घराचा वरचा मजला चढत होता, बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि तो पूर्ववत पैसे पाठवीत होता. ज्या पैशांतून तिकडे वकिलाची फी आणि घरभाडे द्यावयाचे, त्यांचा इकडे स्लॅब पडत होता. अखेर वडिलांस कळले तेव्हा पंधरा दिवस उरले होते. ते एवढेच म्हणाले, “बांधकाम उद्यापासून बंद. पैसे पाठवू नकोस. तू तुझं बघ.” नवा मालक मिळाला नाही. तो पत्नी व मुलासह परतला आणि आज पुण्यास नोकरीवर आहे. त्याची नोंद शाबूत आहे. परंतु हे वाक्य त्याने पहिल्याच आठवड्यात ऐकले असते, तर शोधास आणखी पाच-सहा आठवडे निश्चिंत मनाने मिळाले असते.

त्यास गप्प कोणी बसविले? आपणच. परतलेल्यास ‘हाकलून दिला’ म्हणणारी जीभ आपल्याच गावात, आपल्याच सोयऱ्यांत असते. परतीची वाट सोपी आहे असे आम्ही म्हणत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील उमेदवारांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलर शुल्क घोषित झाले, तेव्हा पुन्हा जाण्याची वाट अधिकच बिकट झाली. परंतु परतणे म्हणजे हरणे नव्हे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून यावे लागले. येताना त्यांनी चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेविली होती. मुंबईस प्राध्यापकी करून ते १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. पदवी अर्धवट राहिली, पण परवानगीचा कागद खिशात होता.

म्हणून आमची विनंती अशी. ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी आजच त्यांस सांगून ठेवावे की, नोकरी सुटली तर पहिला दूरध्वनी घरी करावा. इकडून पैशांची मागणी येणार नाही आणि प्रश्नांची सरबत्तीही होणार नाही. मुलाच्या पगारावर भरवसा ठेवून कर्ज काढू नये. मंडळानेही परतलेल्यांचा अनुभव नव्याने जाणाऱ्यांस मिळेल अशी सोय करावी. सोयरिकी जुळविताना पगाराचा आकडा विचारतो, तसे नोंद कोणत्या पायरीवर आहे हेही विचारावे, म्हणजे पुढे फसगत झाली असे कोणास वाटणार नाही.

साठ दिवस थोडे असतात. त्यांतील एकही दिवस आपल्या मुलाने आपल्यापासून तोंड लपविण्यात घालवू नये, एवढे आपल्या हाती आहे.