केराच्या डब्यापाशी इटालियन

परक्या भाषेची पुस्तके सहसा स्टेशनवर सुरू होतात. तिकिटाची खिडकी कुठे, कॉफी केवढ्याला, म्युझियम किती वाजता बंद होते. हे हवेच. पण मिलानोला किंवा पादोव्हाला शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना म्युझियम वर्षातून दोनदा लागतं, केराचा डबा रोज लागतो. आणि तिथे डबा एक नसतो, चार-पाच असतात.

तेव्हा पहिले वाक्य हेच पाठ करा : ‘दोवे सी बुत्ता?’ म्हणजे, हे कुठे टाकायचं? उत्तर बहुधा ‘वा’ने सुरू होईल. ‘वा नेल्लूमिदो’, म्हणजे ओल्यात जातं. आपणही अगदी असंच बोलतो. कागद तो कार्ता, काच ती वेत्रो. वेगवेगळा कचरा गोळा करण्याच्या या साऱ्या प्रकाराला म्हणतात ‘राक्कोल्ता दिफेरेन्त्स्याता’. ऑलिव्हच्या तोडणीलाही ‘राक्कोल्ता’च म्हणतात, हे मला फार आवडलं.

उच्चारांची भीती नको. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य. ‘बुत्ता’तला जोड त ‘पत्ता’तल्यासारखा दाबून म्हणा. आणि दिफेरेन्त्स्याता मधला ‘त्स’? तो आपल्या ‘चोर’मधला, ‘चुली’तला च. इंग्रजाची जीभ जिथे अडखळते, तिथे आपली चुलीपाशी बसूनच तयार झालेली असते!

फसगत होते ती ओळखीच्या शब्दापाशी. सेक्को म्हणजे सुका. आपल्याकडे सुक्या कचऱ्यात कागद, बाटल्या, डबे सगळं येतं. पण वेनेतो प्रांतातल्या कितीतरी गावांत ‘सेक्को’ म्हणजे ज्याचं पुढे काहीच होत नाही तो उरलासुरला कचरा. माझ्या एका विद्यार्थिनीने आठवडाभराची वर्तमानपत्रं आणि बाटल्या मोठ्या शिस्तीने सेक्कोत भरल्या. सकाळी पिशवी तशीच दारात, वर चिठ्ठी : ‘नोन कोन्फोर्मे’, नियमाला धरून नाही. साऱ्या जिन्याने ती वाचली. पोरगी दोन दिवस मान खाली घालून जात-येत होती. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या आजीबाईंना तिने गाठलं : ‘स्कूझी, ओ झ्बाल्यातो.’ माफ करा, चुकलं माझं. आजीबाईंनी तिला डब्यांपाशी नेलं आणि एकेक झाकण उघडून दाखवलं. दुकानातल्या पावतीला ‘स्कोन्त्रीनो’ म्हणतात. तिचा कागद उष्णतेने छपाई होणारा, म्हणून तो कार्तात चालत नाही. पिझ्झाचं खोकं स्वच्छ असेल तर कार्तात, तेलकट असेल तर गावोगावी नियम निराळा, विचारलेलं बरं.

रंगांवरही विसंबू नका. २०१७ साली ओल्याला तपकिरी, कागदाला निळा, काचेला हिरवा, प्लास्टिकला पिवळा असं राष्ट्रीय मानक झालं. पण ते ऐच्छिक, आणि जुने डबे काही एका रात्रीत रंग बदलत नाहीत. झाकणावरचा शब्द वाचावा.

हिवाळ्यात तिचं पत्र आलं. रात्री जिन्यात आजीबाई भेटल्या, चष्मा वरच विसरलेल्या, आणि भिंतीवरचं वेळापत्रक काही दिसेना. त्यांनी हिलाच विचारलं, ‘कोझा रितीरानो दोमानी?’ उद्या काय न्यायला येणार?

‘कार्ता,’ हिने सांगितलं.