भिजलेले काडतूस

घराला आग लागते तेव्हा नुकसान दोनदा होते. एकदा ज्वाळांनी आणि एकदा पाण्याने. अग्निशमन दलाचा बंब येतो, पाइपातून मिनिटाला शेकडो लिटर पाणी आत जाते, आणि जिथे आग पोहोचलीच नाही त्या खोलीतही दुसऱ्या दिवशी काळे पाणी साचलेले असते. मग घरची माणसे एकेक वस्तू उचलून पाहू लागतात. गादी गेली. भांडी घासली की वापरता येतील. भिजलेले धान्य टाकायचे, कागदपत्रे वाळवायची. हा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही.

अमेरिकेत मात्र बऱ्याच घरांत या हिशेबात एक अवघड वस्तू येते, ती म्हणजे काडतुसे आणि ती भरण्याचे सामान. आज त्याविषयी बोलायचे आहे. विषय दूरचा वाटेल, पण त्यातून निघणारी गोष्ट आपल्या गावांपर्यंत येते.

तिथले अनेक शिकारी आणि नेमबाज वापरलेली काडतुसे घरीच पुन्हा भरतात. याला ते रीलोडिंग म्हणतात. काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी सुटली की पुंगळी तेवढी हाती राहते. चारांत सर्वांत महाग तीच, आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते. म्हणून गॅरेजमध्ये किंवा तळघरात एक मजबूत बाक असतो. त्यावर हातदाब यंत्र, साचे, दारू मोजायचा काटा, दारूचे डबे आणि प्रायमरची खोकी. हा काटा ग्रेनमध्ये मोजतो. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. शिकारीच्या रायफलीच्या एका काडतुसात जेमतेम तीन ग्रॅम दारू असते. पण तिच्यामुळे नळीत हवेच्या दाबाच्या चार हजार पटीपर्यंत दाब तयार होऊ शकतो. माप थोडे चुकले तरी का चालत नाही, ते यावरून कळेल.

अशा घराला आग लागली की शेजाऱ्यांना पहिली भीती वाटते ती गोळ्या सुटण्याची. चित्रपटांत तसे दिसते. प्रत्यक्षात सुटे काडतूस आगीत फुटते, बंदुकीसारखे सुटत नाही. गोळीला वेग येतो तो बंदुकीची नळी वायूला चहूकडून कोंडून धरते म्हणून. नळी नसली की पितळ फाटते, त्याचे तुकडे थोडे उडतात, आणि गोळी जड असल्यामुळे जवळच पडते. अमेरिकेतील काडतूस उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेने पेटत्या साठ्यांवर प्रयोग करून हे चित्रफितीत दाखवले आहे. भरलेली बंदूक आगीत सापडली तर मात्र गोष्ट वेगळी. तिच्यात नळी असते, आणि ती खरोखर सुटू शकते.

दारूच्या डब्यांचेही तसेच. दारू मोकळी असली तर भसकन जळते. घट्ट कोंडली तर स्फोट होतो. म्हणून तिथल्या अग्निसुरक्षा नियमांत घरी २० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे नऊ किलोपर्यंत, दारू मूळ डब्यांतच ठेवायला सांगितले आहे. त्याहून जास्त असेल तर ती किमान एक इंच जाड लाकडाच्या पेटीत हवी. लोखंडी तिजोरी अधिक सुरक्षित वाटते, पण जळत्या दारूभोवती बंद लोखंड म्हणजे बॉम्बच.

आता आग विझली. डबे काळे झालेत, खोकी भिजलीत, काडतुसे पाण्यात पडलीत. पुसून पाहिले तर चकाकतात. हजारो काडतुसे म्हणजे पुष्कळ पैसा. उन्हात वाळवली तर?

पूर्वीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. सोरा पाण्यात विरघळतो, त्यामुळे ती भिजली की कामातून जाते. आपल्या कोकणातल्या ठासणीच्या बंदुका याच दारूच्या. १८८४ साली पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूर न करणारी दारू तयार केली. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. कारखान्यांत तो सुरक्षिततेसाठी ओलाच ठेवतात. म्हणजे इथे पाण्याने दारू मरत नाही. ती ओली असेपर्यंत नुसती थांबलेली असते.

ही थांबलेली वस्तू वाळल्यावर काय करू शकते, याचे मोठे उदाहरण चीनमधील तिआनजिन बंदरातले आहे. १२ ऑगस्ट २०१५ च्या रात्री तिथल्या गोदामात प्रचंड स्फोट झाले. बेपत्ता धरून १७३ माणसे गेली. कंटेनरमधल्या नायट्रोसेल्युलोजला ओले ठेवणारा द्रव उडून गेला, ते तापत जाऊन आपोआप पेटले, आणि आग शेजारच्या अमोनियम नायट्रेटपर्यंत पोहोचली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. घरातला दारूचा डबा म्हणजे ते गोदाम नव्हे. दारूत ती टिकून राहावी म्हणून एक स्थिरकारी द्रव्यही घातलेले असते. पण आगीच्या उष्णतेने तेच खर्ची पडते. मग दारू आतल्या आत कुजू लागते, आंबट वास येतो, तांबूस वाफ दिसते आणि तिची ती तापू लागते.

प्रायमर त्याहून फसवा. त्यातले स्फोटक द्रव्य कारखान्यात ओले असतानाच भरतात आणि मग वाळवतात. भिजलेला प्रायमर आज मुका असेल आणि वाळल्यावर पुन्हा बोलेल. सगळे बोलतील असेही नाही. एकाच खोक्यातले काही चांगले, काही मेलेले, काही अर्धमेले निघतील, आणि वरून तिघेही सारखेच दिसतील.

काडतूस पूर्ण मेले असेल तर फक्त बार होत नाही. धोका अर्धमेल्याचा. चाप ओढला, आवाज नाही, म्हणून माणूस बंदूक खाली घेतो आणि त्याच क्षणी उशिराने बार होतो. किंवा दारू अर्धवट जळते, गोळी नळीतच अडकते. नेमबाजाला वाटते, बार फुसका निघाला. तो दुसरे काडतूस घालतो. त्या गोळीला पुढे वाट नसते, नळी फुटते. बोटे आणि डोळे जातात ते अशा वेळी.

म्हणून खुद्द उत्पादकांचा सल्ला सरळ आहे. पाण्यात बुडालेले काडतूस वापरू नये, आणि ते उघडून त्यातले सुटे भागही वाचवू नयेत. लष्करी काडतुसांचे सांधे लाखेसारख्या लेपाने बंद केलेले असतात. शिकारीच्या सगळ्या काडतुसांना हा लेप नसतो. आणि लेप असला तरी आगीत तो तापल्यावर टिकला की नाही, हे बाहेरून सांगता येत नाही.

निदान रिकाम्या पुंगळ्या तरी? पितळ ना जळते ना विरघळते. पण ते तापले की मऊ पडते. पुंगळीचे बूड कठीणच हवे, कारण सगळा दाब तेच पेलते. एकदा मऊ पडलेले बूड पुन्हा कठीण करता येत नाही. त्यात घरातले पीव्हीसी जळाले असेल तर त्याचा धूर पाण्यात मिसळून हायड्रोक्लोरिक आम्ल होते आणि धातू खाते. काजळी काढायला कुणी अमोनियाचे द्रावण वापरले तर आणखी एक संकट. याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश अमदानीत इथल्या लष्करी ठाण्यांवर पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवलेली पितळी काडतुसे न वापरताच तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना पितळात राहिलेला ताण, या तिघांचे ते काम होते. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला.

मग वाचते काय? बरेच काही. लोखंडी यंत्र आणि साचे फार तापले नसतील तर गंज काढून, तेल देऊन वर्षानुवर्षे चालतात. साधा काटा प्रमाण वजनांशी पडताळून घेता येतो. बंदूक मात्र जाणकार कारागिराने तपासल्याशिवाय हातात घेऊ नये. उष्णतेने तिच्या स्प्रिंगा ढिल्या पडलेल्या असतात. आणि एक वही वाचवावी. रीलोडिंग करणारा माणूस कोणत्या रायफलीला किती ग्रेन दारू मानवली याची नोंद वर्षानुवर्षे ठेवतो. बाजारात सगळे पुन्हा मिळेल, ती वही मिळणार नाही. भिजलेल्या कागदावर साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात वाळवणे जमत नसेल तर वही पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावी आणि सवडीने वाळवावी. आपल्या घरातल्या भिजलेल्या वह्यांनाही हाच उपाय लागू पडतो.

बाकीचे सामान कचऱ्यात टाकू नये, पुरू नये, नदीत सोडू नये. त्यातले शिसे पाण्यात आणि मातीत राहते. त्याला हात लावताना हातमोजे हवेत, नंतर हात स्वच्छ धुवावेत. विमा असेल तर आधी फोटो काढून यादी करावी आणि मग अग्निशमन दल किंवा पोलीस यांना बोलवावे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यांनंतर तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेची पथके जळालेल्या घरांतून बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, कीटकनाशके यांच्याबरोबर काडतुसेही वेचत होती. मलबा त्यानंतर उचलायचा, असा क्रम होता.

आपल्याकडे घरी काडतुसे भरणे हा छंद नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय तसे करता येत नाही. पण पीकसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी आहेत, परवानाधारक माजी सैनिक आहेत, आणि त्यांच्या कपाटात बारा बोअरची काडतुसे असतात. आपल्याकडे आगीपेक्षा पुराचे पाणी अधिक ओळखीचे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने ते पाहिले, २०२१ मध्ये महाड-चिपळूणने. पूर ओसरल्यावर घर धुताना ती काडतुसे हाती येतात. ती तव्यावर शेकू नका, उन्हात घालू नका, विहिरीत टाकू नका. मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी, चुलीपासून दूर ठेवा, पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि ते सांगतील तसे जमा करा. परवान्यावर काडतुसांचा हिशेब असतो, म्हणून लेखी नोंद तुमच्याच उपयोगाची.

वाया घालवू नये, ही आपल्या घरांची जुनी शिकवण, आणि ती चांगली आहे. भिजलेली काडेपेटी वाळवून पाहावी. काडी पेटली तर पेटली, नाही तर दुसरी घ्यावी. काडतुसाचे तसे नाही. ते चांगले आहे की नाही हे कळायला एकच मार्ग आहे, तो म्हणजे ते उडवून पाहणे, आणि तेव्हा बंदूक आपल्या गालाशी टेकलेली असते. बाकी काहीही वाचवा. ही एक वस्तू मात्र गेली असे समजून सोडून द्या.