ऑफिसच्या फोनवरून ११२ लागेल का? टर्मिनलमधून टेलिफोन सिस्टीम सांभाळताना

हा भाग तुम्ही बहुतेक मोबाईलवर ऐकताय आणि आज आपण बोलणार आहोत टेबलावरच्या फोनबद्दल. आधी एक प्रश्न. तुमच्या ऑफिसमध्ये आत्ता कुणाच्या छातीत दुखायला लागलं आणि शेजारच्या माणसाने टेबलावरचा फोन उचलून ११२ दाबला, तर काय होईल? कंट्रोल रूमला लागेल? "हा नंबर चुकीचा आहे" असं ऐकू येईल? की अकाउंट्समधल्या कुणाचा तरी फोन वाजेल?

तिसरी शक्यता ऐकून हसू येतं, पण ती अगदी खरी आहे. छोट्या ऑफिसांत एक्स्टेन्शन नंबर १०१ पासून द्यायची सवय असते. रिसेप्शन १०१, साहेब १०२, असं करत करत बाराव्या टेबलाला ११२ येतो. म्हणजे जो नंबर देशभर मदतीचा म्हणून लक्षात ठेवायला सांगितलाय, तो तुमच्या ऑफिसात एका टेबलाचा नंबर झाला.

हे कोण ठरवतं? एक टेक्स्ट फाईल ठरवते. आणि ती फाईल सांभाळण्याचं काम उद्या तुमच्याकडे येऊ शकतं. आयटी सपोर्टला लागलेल्या मुलाला किंवा मुलीला पहिल्याच महिन्यात "तो फोनचा सर्व्हर पण बघत जा हं" असं सांगितलं जातंच. त्यांच्यासाठी आजचा भाग. कमांड मी बोलून सांगणार आहे. लगेच टाईप करू नका, आधी नीट समजून घ्या.

ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या जगाला जोडणाऱ्या यंत्रणेला पीबीएक्स म्हणतात. पूर्वी भिंतीवर एक पेटी असायची, तिला आपण इपीएबीएक्स म्हणायचो. तिच्यात काही बदलायचं तर कंपनीचा माणूस बोलवावा लागायचा. आता हेच काम साधा लिनक्स सर्व्हर करतो. त्यावर चालणारं सगळ्यात माहितीचं सॉफ्टवेअर म्हणजे अॅस्टरिस्क. १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर या तरुणाने ते लिहायला घेतलं. त्याचा लिनक्स सपोर्टचा छोटा धंदा होता, त्याला फोन सिस्टीम हवी होती आणि बाजारातली परवडत नव्हती. मग त्याने स्वतःच लिहिली आणि सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला.

अॅस्टरिस्कच्या दोन फाईल मुख्य आहेत. दोन्ही ईटीसी फोल्डरमधल्या अॅस्टरिस्क फोल्डरात असतात. पहिली पीजेसिप डॉट कॉन्फ. कोणते फोन आपले, त्यांचे पासवर्ड काय, टेलिकॉम कंपनीची लाईन, म्हणजे ट्रंक, कुठली, हे तिच्यात. दुसरी एक्स्टेन्शन्स डॉट कॉन्फ. हिला डायलप्लॅन म्हणतात. कुणी कुठला नंबर दाबला तर काय करायचं, हे सगळं तिच्यात.

इथे एक सूचना. नेटवर जुने धडे भरपूर आहेत, त्यांत सिप डॉट कॉन्फ नावाची फाईल दिसेल. ती पद्धत २०२३ साली आलेल्या अॅस्टरिस्क २१ मधून काढून टाकली आहे. नवीन सर्व्हरवर तो धडा गिरवाल तर एकही फोन रजिस्टर होणार नाही.

आता डायलप्लॅनकडे येऊ. त्यात नंबरांचे साचे असतात. साचा अंडरस्कोरने सुरू होतो. इंग्रजी एक्स म्हणजे ० ते ९ पैकी कुठलाही एक अंक. झेड म्हणजे १ ते ९. एन म्हणजे २ ते ९. आणि टिंब म्हणजे यापुढे काहीही, कितीही अंक. हे टिंब लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

समजा, तुमच्याकडे बाहेरची लाईन घ्यायला आधी शून्य दाबतात. मग मोबाईल लावताना दोन शून्यं येतात: एक बाहेर पडायचं, आणि दुसरं, २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना सक्तीचं झालेलं. म्हणजे शून्य, शून्य आणि पुढे दहा आकडे. परदेशी कॉलला मात्र तीन शून्यं: एक आपलं आणि दोन आयएसडीची. म्हणजे दाबलेल्या नंबरच्या सुरुवातीवरूनच कळतं, माणूस कुठे चाललाय.

आणि ११२ ला? त्याच्यापुढे शून्यच नाही. त्यामुळे "शून्याने सुरू होईल ते बाहेर पाठव" एवढाच नियम लिहिलेला असेल तर ११२ ला बाहेरची वाटच सापडत नाही. घाबरलेला माणूस आधी शून्य दाबायचं लक्षात ठेवणार नाही. आणि पाहुणा असेल तर त्याला ते माहीतच नसणार.

याची किंमत किती मोठी असते, हे अमेरिकेत एका घटनेने सगळ्यांसमोर आलं. २०१३ साली टेक्सासमधल्या मार्शल गावात, हॉटेलच्या खोलीत कॅरी नावाच्या बाईवर तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने हल्ला केला. नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून ९११ लावला. चार वेळा लावला. तिला शिकवलं होतं तसंच केलं तिने. पण त्या हॉटेलात बाहेरच्या लाईनसाठी आधी ९ दाबावा लागायचा, म्हणून एकदाही फोन लागला नाही. आई वाचली नाही. पुढे २०१८ साली तिथे कायदा झाला, त्याला कॅरीज लॉ म्हणतात. २०२० च्या फेब्रुवारीनंतर तिथे विकल्या किंवा बसवल्या जाणाऱ्या अशा सिस्टीमवर, आधी कुठलाही आकडा न दाबता ९११ लागलाच पाहिजे. शिवाय असा फोन लागला की रिसेप्शनला किंवा ठरलेल्या माणसाला तशी सूचनाही गेली पाहिजे.

हे काम किती मोठं आहे? डायलप्लॅनमध्ये दोन-चार ओळी. ११२ दाबला तर ११२ ट्रंकवर पाठव. ०११२ दाबला तर पहिलं शून्य काढून ११२ ट्रंकवर पाठव. १०८ आणि १०१ साठीही तसंच. अॅस्टरिस्क साच्यापेक्षा नेमक्या नंबराला आधी मान देतो, त्यामुळे "एक, एक्स, एक्स" असा साचा शेजारी असला तरी ११२ ची नेमकी ओळ जिंकते. पण एक्स्टेन्शनच ११२ असेल तर उलटी पंचाईत. अकाउंट्सला चहाचं विचारायला फोन केला आणि पलीकडे पोलीस! म्हणून अंतर्गत नंबर १ ने सुरूच करू नका. ११२, १०१, १०८, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०, सगळे १ ने सुरू होतात. तुमचे २०१ पासून द्या. चार नवीन स्टिकर छापावे लागतील, तेवढंच.

मग हे तपासायचं कसं? उगाच ११२ लावून बघायचं नाही. ती लाईन खऱ्या अडचणीतल्या माणसासाठी मोकळी राहिली पाहिजे. इथे टर्मिनल कामाला येतं. एसएसएचने सर्व्हरवर जा आणि अॅस्टरिस्क, डॅश, आर, व्ही, व्ही, व्ही अशी कमांड द्या. चालू सिस्टीमच्या आतलं कन्सोल उघडतं. तिथे म्हणा: डायलप्लॅन शो, मग ११२, अॅट, आणि तुमच्या फोनच्या कॉन्टेक्स्टचं नाव. कॉन्टेक्स्ट म्हणजे नियमांचा गट, प्रत्येक फोन कुठल्या तरी गटात असतो. ही कमांड कॉल लावत नाही. हा नंबर दाबला तर कुठला नियम लागू होईल, एवढंच दाखवते. काहीच दिसलं नाही, तर तुमच्या ऑफिसातून ११२ लागत नाही. एवढं साधं आहे ते.

याच्या पुढचं टर्मिनलला दिसत नाही. टेलिकॉम कंपनीला लेखी विचारा: तुमच्या ट्रंकवरून ११२ जातो का, आणि त्याला कुठला पत्ता जोडलेला आहे? कारण सर्व्हर आणि ट्रंक पुण्यात आणि फोन नाशिकच्या शाखेत, असं असेल तर मदत करणाऱ्याला पत्ता पुण्याचा दिसू शकतो. तिथल्या लोकांना सांगून ठेवा, फोन लागला की आधी पत्ता बोला. आणि वीज गेली तर? जुन्या तांब्याच्या लाईनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा, दिवे गेले तरी फोन चालायचा. आता सर्व्हर, स्विच, राउटर, तिन्ही यूपीएसवर हवेत. एक जरी सुटलं तरी फोन गप्प.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि आपलं ते टिंब. बाहेर जायची वाट रुंद करायची म्हणून लोक एकच नियम लिहितात: शून्य, आणि पुढे टिंब. म्हणजे शून्यानंतर काहीही चालेल. मोबाईल लागतो, एसटीडी लागतं, सगळे खूश. पण त्यात तीन शून्यांचा आयएसडीसुद्धा बसतो. आणि इंटरनेटवर बॉट रात्रंदिवस ५०६० या पोर्टवर दारं ठोठावत फिरत असतात. एक्स्टेन्शन २०१, पासवर्ड २०१? नाही? मग २०२, २०२? एक दार उघडलं की शुक्रवारी रात्री ऑफिस बंद झाल्यावर तुमच्या ट्रंकवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल सुरू होतात. त्या नंबरांच्या कमाईत चोरांचा वाटा असतो. सोमवारी तुम्ही येता आणि कॉल तर तुमच्याच लाईनवरून गेलेले असतात, त्यामुळे बिल तुमच्या नावावर.

म्हणून टिंब काढा. मोबाईलचा साचा वेगळा, एसटीडीचा वेगळा, मोजून तेवढे अंक. आयएसडी लागत नसेल तर साचा लिहूच नका आणि कंपनीकडूनही बंद करून घ्या. फोनचे पासवर्ड लांब आणि अर्थहीन ठेवा, ते फोनमध्ये एकदाच भरायचे असतात. फायरवॉलवर ५०६० पोर्ट फक्त टेलिकॉम कंपनीच्या आयपीसाठी उघडा. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमधून आत घ्या. फेल टू बॅन लावा, ते लॉग वाचून चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्या आयपीला बाहेर ठेवतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बाहेरून येणाऱ्या कॉलचा कॉन्टेक्स्ट वेगळा ठेवा, त्यात बाहेर जाणारे नियम कधीच जोडू नका.

बघा, दोन्ही गोष्टी एकाच फाईलच्या आहेत. साचा अरुंद राहिला तर अडचणीतला माणूस आत अडकतो. सैल राहिला तर चोर तुमच्या दारातून बाहेर जातो. कुणाला कुठवर जाऊ द्यायचं हे कुणीतरी विचार करून ठरवायला हवं, आणि ते ठरवणारं कुणीतरी म्हणजे तुम्ही.

रोजच्या देखभालीचं थोडक्यात सांगतो. सकाळी कन्सोलमध्ये पीजेसिप शो एंडपॉइंट्स म्हणा, कुठला फोन अनअव्हेलेबल आहे ते दिसेल. पीजेसिप शो रजिस्ट्रेशन्स म्हणा. तुमची ट्रंक रजिस्ट्रेशनवर चालणारी असेल तर तिच्यापुढे रजिस्टर्ड दिसलं पाहिजे. कोअर शो चॅनल्स म्हणजे आत्ता किती कॉल चालू आहेत. रात्रीच्या कॉलचा हिशेब सीडीआरच्या नोंदीत असतो, त्यावर नजर टाका.

फोन लागतो पण आवाज एकाच बाजूने येतो, ही तक्रार हमखास येणार. त्याचं कारण असं की कॉल जुळवण्याचं बोलणं ५०६० वरून होतं आणि प्रत्यक्ष आवाज बहुधा १०००० ते २०००० यांतल्या पोर्टवरून जातो. राउटरच्या मागे असलेला सर्व्हर बाहेरच्याला स्वतःचा घरातला पत्ता सांगतो आणि आवाज परत यायला वाट उरत नाही. पीजेसिप डॉट कॉन्फमध्ये बाहेरचा पत्ता आणि आपलं लोकल नेटवर्क नीट लिहिलंय का, हे आधी बघा.

बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी फाईलची प्रत काढा, गिट येत असेल तर उत्तमच. डायलप्लॅन बदलला की डायलप्लॅन रीलोड पुरे, चालू कॉल तुटत नाहीत. रीस्टार्ट करायचंच असेल तर कोअर रीस्टार्ट व्हेन कन्व्हिनियंट म्हणा, सगळे कॉल संपेपर्यंत ते थांबतं. कन्सोलमधून बाहेर पडायला एक्झिट. कोअर स्टॉप नाऊ म्हणालात तर अख्ख्या ऑफिसचं बोलणं अर्ध्यात तुटेल. आणि तुमच्याकडे फ्रीपीबीएक्स असेल तर ते स्वतः फाईल लिहितं, तुमच्या ओळी पुसून टाकतं. तिथे तुमचे नियम एक्स्टेन्शन्स अंडरस्कोर कस्टम डॉट कॉन्फमध्येच लिहा.

तुमच्याकडे सर्व्हरचं लॉगिन असो वा नसो, उद्या एक काम करा. लॉगिन असेल तर ती डायलप्लॅन शो कमांड ११२ साठी चालवा. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला हा भाग पाठवा आणि विचारा, "आपल्या फोनवरून ११२ लागतो का?" उत्तर लगेच मिळालं तर छान. "बघून सांगतो" असं आलं, तर तो बघेपर्यंत मागे लागा. भेटू पुढच्या भागात.