पस्तीस बघे

या उकाड्यातही जागा धरून बसलेल्या कोल्हापूरकरांनो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘शाळेतील दादागिरी : कारणे व उपाय’. टपल्या, टोपणनावं, डबा पळवणं, आता व्हॉट्सॲपवर फोटो फिरवणं... हे मी तुम्हाला काय सांगायचं? उपायही आपल्या गावात एकच : पोराला तालमीत घाला! (हशा) पुढच्या रांगेतले वस्ताद माझ्याकडे बघताहेत. तालमीशी माझं वैर नाही. पण अंग भरेपर्यंत त्या पोरानं करायचं काय?

माझं एवढंच म्हणणं आहे. वर्गात चाळीस पोरं धरा. दादा एक, त्याच्या मागं-मागं करणारे तीन, मार खाणारा एक. उरले पस्तीस. ते बघे. दादाचा सगळा खेळ या पस्तिसांसाठी असतो.

गंगाराम कांबळेंची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, दोन वाक्यांत उरकतो. शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला. अस्पृश्य असून पाण्याला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना झोडपलं. महाराज परगावी होते. परतल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांना चाबकानं फोडलं. (टाळ्या)

बघा, टाळ्या इथंच पडतात! पण गोष्ट इथं संपली असती, तर गंगाराम दुसऱ्या दिवशी त्याच माणसांत गेले असते. महाराजांनी त्यांना धंद्याला पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांची गाडी भर रस्त्यात त्या दारात थांबू लागली. स्वतः चहा घ्यायचे, बरोबरच्यांना पाजायचे. आता विचार करा, महाराज समोर बसलेत आणि कप हातात आलाय. नाक मुरडायची कुणाची छाती? चाबूक मारणाऱ्यांवर पडला. चहानं मात्र बघ्यांना बाजू घ्यायला लावली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बाहेर चहा तयार आहे म्हणे. अहो, माझाही चहाच चाललाय! (हशा)

पुढचं भराभर सांगतो. 1919 साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं, दोन्हींवर बंदी घातली. हवेतच असे हुकूम. पण हुकूम पोराला वर्गात नेतो. बाकावर त्याच्या शेजारी कोण सरकून जागा देणार, ते वर्गच ठरवतो.

मागून कुणी म्हणालं, ‘आम्हालाही चिडवलं, काय बिघडलं?’ काका, पन्नास वर्षांनी आठवतंय ना? बस्स.

मी मास्तर होतो, म्हणून माझंही सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. हजेरीला ‘ह... ह...’ सुरू झालं की वर्ग फिदीफिदी हसायचा. मी हजेरीपटात मान घालायचो. आपण हसलो नाही, यातच मला मोठेपणा वाटायचा. म्हणजे छत्तिसावा बघ्या मी! एक दिवस त्याचं नाव पुकारलं आणि शेजारचा पोरगा त्याच्या बरोबरीनं म्हणाला, ‘हजर.’ दोघांचा आवाज एकदम आला. हसणाऱ्यांना कुणाला हसावं ते कळेना. मास्तर असून मला ते सुचलं नव्हतं.

उपायांचा कागद खिशातच राहिला. मुलांच्या मदतीचा क्रमांक 1098, तेवढा लिहून घ्या. घरी गेल्यावर पोराला ‘तुला कुणी मारलं का?’ हे विचाराच. पण ‘मारत होते तेव्हा तू कुठं होतास?’ हेही विचारा.

अध्यक्ष घड्याळ बघताहेत. थांबतो.